चिनी लिंबाचं दाताळं

सगुणा पाटाच्या पाण्यात मुळे धूत होती. बांधावरून पाटील येत आहेत हे तिला न बघताच कळलं. काळुराम पाटील रोज याच वाटेनं जात आणि जाता जाता धुतलेल्या ढिगातला एक मुळा उचलून खात. आज ते ढिगाजवळ थांबले, पण मुळ्याला त्यांनी हात लावला नाही.

"लिंबा कुठं हाय?"

"कावड घेऊन ठान्याच्या बाजारात गेलेत."

"बरं झालं." पाटील बांधावर उकिडवे बसले. "तुना एक इचारतो, सगुने. तो पहाटे खळ्यावर दाताळं घेऊन करतो, ते काय हाय?"

"कसरत करतात."

"दाताळ्यानं?"

मुळ्याच्या पाल्यातली माती सगुणा पुन्हा धुऊ लागली.

"परवा कल्याणच्या पल्याड दरोडा पडला," पाटील म्हणाले. "एक मानूस मेला. दरोडेखोरांजवळ ना बंदूक ना तलवार. हत्यारं ठेवायची चोरी झालीय ना आता. त्यांच्या हातात कुदळी नि कोयते होते. म्हनून फौजदार सुटलेल्या कैद्यांची घरं तपासत फिरतोय. उद्या आपल्या बाळकुमात येनार. त्याच्या कानावर कुनीतरी घातलंय की इथला चिनी दाताळ्यानं लढाई खेळतो."

सगुणानं आता वर पाहिलं.

"मी नाय सांगितलं," तिनं विचारलं नसतानाच पाटील म्हणाले. "पन मना इचारलं तर काय सांगू? इतकी वर्सं बघतोय नि गप हाय. माझी पाटीलकी जाईल. त्याला तर परत किल्ल्यात घालतील."

किल्ल्यात म्हणजे ठाण्याच्या तुरुंगात. लिंबा तिथंच होता. सिंगापुराकडून जहाजात घालून आणलेल्या चिनी कैद्यांतला तो एक. त्याचं नाव लीम. शिक्षा भोगून सुटला तेव्हा परत जायला त्याच्याजवळ काही नव्हतं. खाडीकाठच्या या पडीक तुकड्यात त्यानं मुळे, कोबी, कांदे लावले. गावाला लीम म्हणणं जमेना, मग त्याचा लिंबा झाला. सगुणा तेव्हा मिठागरावर काम करणारी विधवा होती, कडेवर मुलगी. दोन वर्षं त्याच्या मळ्यात खुरपणी केल्यावर तिनं त्याच्याशी म्होतुर लावून दुसरा संसार मांडला. आगरवाड्यातल्या बायका वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढं त्याचा कोबी खाऊ लागल्या आणि बोलूही लागल्या.

तो तुरुंगात कशासाठी गेला, हे सगुणानं कधी विचारलं नव्हतं. पहाटेची ती कसरतही तिनं त्याच्या देवाची म्हणून सोडून दिली होती. उजाडायच्या आधी तो खळ्यावर उभा राही. लांब दांड्याचं लोखंडी दाताळं त्याच्या पाठीमागून फिरून पुढं येई, खाली जाई आणि जमिनीपासून बोटभर अंतरावर थांबे. पावलांचा आवाज होई, श्वासाचा होई, बाकी काही नाही.

दुपारी लिंबा परतला. त्यानं कावड भिंतीला टेकवली, पाय धुतले. सगुणानं सगळं सांगितलं. तो पायांवरचं पाणी पुसत ऐकत राहिला.

"ते काय हाय, आज मना सांगा," ती म्हणाली.

लिंबा मोजकंच मराठी बोले. तुरुंगात शिकलेलं, तुटक, पण स्वच्छ.

"आमच्या गावात तलवार ठेवायची नाही. ठेवली तर राजा डोकं कापतो. पण चोर येतात. दुसऱ्या गावचे लोक पाण्यासाठी मारायला येतात. मग घरात जे असेल ते हातात घ्यायचं. बाप शिकवतो. बापाला त्याचा बाप."

"म्हनजे हत्यारच झालं."

"वाफ्यात वाफ्याचं काम करतं," लिंबा म्हणाला.

"अजून कशाकशाचं येतं?"

त्यानं घरात नजर फिरवली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आधी त्यानं कोपऱ्यातली कुदळ दाखवली. मग कावडीचा दांडा. मग जरा थांबून ज्या बाकड्यावर सगुणा बसली होती ते बाकडं. ती उठून उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं दाताळं आणि कुदळ उचलून मागच्या बाजूला नेली. गवताच्या गंजीत घालावी म्हणून गवत उपसलं. मग वाटलं, फौजदारानं गंजीत भाले खुपसले तर? खाडीच्या चिखलात पुरावी तर ओहोटीला उघडी पडतील. तिनं दोन्ही उचलून परत आणली, पुन्हा नेली.

"आये, ठेव जागेवर," धर्मी म्हणाली. "भाजीवाल्याच्या घरात कुदळ नसली तर तेच जास्त डोळ्यांत भरंल."

धर्मी सगुणाची मुलगी, पहिल्या नवऱ्याची. डोंबिवलीजवळ तिचं सासर. श्रावणात ती एकटी चालत माहेरी आली होती, डाव्या कानाची पाळी फाटलेली. नवऱ्यानं मारलं यापलीकडे तिनं काही सांगितलं नाही. सासरचा निरोप आला, दिवाळी झाली की न्यायला येतो. सगुणानं बरं म्हणून कळवलं होतं. लिंबा त्या वेळी तिथंच बसला होता. आपली मुलगी नव्हे म्हणून असेल, तो काही बोलला नव्हता.

सगुणानं कुदळ कोपऱ्यात ठेवली. दाताळं ठेवताना दातांचा भिंतीला आवाज झाला तेवढ्यानंही ती दचकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लिंबा खळ्यावर गेला नाही. तो उंबऱ्यावर बसून राहिला. हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. ते त्यानं मांडीवर ठेवले, गुडघ्यांत धरले, मग एक काडी घेऊन तिचे तुकडे करत बसला.

फौजदार उन्हं वर आल्यावर घोड्यावरून आला. बरोबर दोन शिपाई, मागून पायी काळुराम पाटील. फौजदार सडपातळ होता, त्याला खोकला झाला होता. आवाज चढवून बोलण्याइतकीही उमेद त्याच्यात दिसत नव्हती. ते बघून सगुणाला जरा धीर आला. शिपायांनी घर उपसलं. सामान अंगणात मांडलं. कुदळ, दोन खुरपी, कोयता, कावड, दाताळं. बाकड्याकडे कुणी पाहिलं नाही.

फौजदारानं दाताळं हातात घेऊन तोललं.

"दांडा एवढा जाड कशाला?"

"चिखल जड आहे," लिंबा म्हणाला.

"याचा खेळ करतोस म्हणे. करून दाखव."

लिंबा दाताळं घेऊन रस्त्याकडच्या कांद्याच्या वाफ्याशी गेला. रोपांच्या कडेची माती त्यानं ओढली, ढेकळं फोडली, सारखी केली. फौजदार खोकत बघत राहिला.

"हे नव्हे," तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्यानं शिपायाला हाक मारली. "दगडू, घाल याच्यावर काठी."

शिपाई गोंधळला. पाटील पुढं झाले. "साहेब, गरीब मानूस हाय."

"पाटील, ज्याला हत्यार चालवता येतं त्याचा हात आपोआप वर जातो. त्याला थांबवता येत नाही. मी पाहिलेलं आहे. हात वर गेला नाही तर मी निघून जातो. घाल रे."

सगुणा दारात उभी होती. काठी वर गेलेली तिला दिसली. लिंबाचा डावा पाय वीतभर मागं सरकून तिरपा मातीत रुतला, तेही दिसलं. दांड्यावरचे त्याचे हात सरकले. मातीतून दाताळ्याचे दात वर आले, अगदी थोडे. फौजदार लिंबाच्या तोंडाकडे बघत होता, म्हणून असेल, त्याच्या ते लक्षात आलं नाही.

मग लिंबानं मुठी उघडल्या. दाताळं वाफ्यात पडलं आणि काठी खांद्यावर बसली.

"अजून एक," फौजदार म्हणाला.

दुसरी काठी लिंबानं हातावर घेतली. आवाज अंगणापर्यंत आला. लिंबा कांद्याच्या रोपांत खाली बसला.

तेवढ्यात सगुणाच्या बाजूला हालचाल झाली. अंगणात ठेवलेली कुदळ धर्मीच्या हातात होती. सगुणानं झटकन तिचं मनगट धरलं. पोर धावत सुटेल असं तिला वाटलं होतं, पण धर्मी धावत नव्हती. सगुणाची नजर खाली गेली. धर्मीचा डावा पाय वीतभर मागं होता, तिरपा.

सगुणा लेकीच्या पुढं येऊन उभी राहिली. लुगड्याच्या घोळाआड तो पाय गेला. मग तिनं कपाळावर हात मारून मोठ्यानं रडायला सुरुवात केली. फौजदार, शिपाई, पाटील, सगळे तिच्याकडे बघू लागले. पाठीमागं कुदळ हळूच जमिनीवर टेकलेली तिला ऐकू आली. तरीही ती रडत राहिली.

"बस, बस," फौजदार ओशाळून म्हणाला. "हळद लावा त्याला." पाटलांकडे वळून तो म्हणाला, "लोक काहीही सांगतात." शिपायानं काठी काखेत घातली. घोडा वाफ्यातूनच रस्त्यावर गेला. त्यांच्यामागून जाताना पाटील क्षणभर रेंगाळले. मग तेही गेले.

लिंबानं आपला हात आपणच चाचपून पाहिला. हाड तडकलं होतं, सरकलं नव्हतं. सगुणानं हळद गरम केली. बांबूच्या चिपा लावून, वर धडपा गुंडाळून तिनं हात बांधला. तो सगळा वेळ छपराकडे बघत होता. खांद्याला हळद लावताना ती म्हणाली,

"पोरीला कधी शिकवलंत?"

लिंबानं छपरावरची नजर काढली नाही. "श्रावणात आली तेव्हा."

"मारायला?"

"नाही. पाय. मार येतो तेव्हा पाय कुठं ठेवायचा. म्हणजे मार लागत नाही. तेवढंच."

"तिनं कुदळ घेतली होती."

"ते मी नाही शिकवलं. पहाटे दारातून बघत असेल."

सगुणा पुन्हा हळद लावू लागली. इतक्या वर्षांत न विचारलेलं आता तोंडाशी आलं होतं. ते मागं लोटायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तुमी किल्ल्यात कशापायी होतात?"

"सिंगापुराला मिरीचा मळा होता," लिंबा म्हणाला. "तिथं काम करत होतो. मुकादम काठीनं मारायचा. एक दिवस मारलं. परत मारलं." त्यानं बांधलेला हात छातीशी घेतला. "तेव्हा हातात होतं ते उचललं."

सगुणाचा हात त्याच्या खांद्यावर थांबला. मग तिनं उरलेली हळद तिथंच चोळली, वाटी बाजूला ठेवली आणि त्याच्या अंगावर घोंगडी ओढली. त्यानं डोळे मिटले.

ती बाहेर आली. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता. घोड्यानं तुडवलेले वाफे सारखे करायला धर्मी दाताळं घेऊन रस्त्याच्या कडेला उतरली होती. ती माती ओढत होती. एक ओळ झाली की दाताळं वळवून दुसऱ्या बाजूनं लागत होती. वळताना दांडा तिच्या पाठीमागून फिरून पुढं येई आणि दात मातीच्या बोटभर वर थांबत. मग ते खाली येत आणि काम पुढं सुरू होई. रस्त्यानं ठाण्याहून परतणाऱ्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन येत होत्या.

"धर्मे."

धर्मीनं दाताळं खाली टेकवलं. आईनं पाहिलं हे तिच्या ध्यानात आलं. तिनं मान खाली घातली नाही. दांडा दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली. वाऱ्यानं केस उडून तिचा फाटका कान दिसत होता.

सगुणा वाफ्याच्या कडेशी गेली. खाली बसून तिनं उपटलेली रोपं गोळा करायला घेतली.

"इकडचं मी बघते," ती म्हणाली. "तू विहिरीपल्याडचे वाफे घे. इथलं रस्त्यावरून दिसतं."