बद्रीच्या पोटातली अक्का

मित्रांनो, मी लिव्हरचा एक जुना तुकडा हाय. जलम माझा उमापूरचा, वनमालाच्या पोटातला. राहायला मातर तिच्या धाकट्या भावाच्या, बद्रीनाथच्या पोटात. हसू नका, खरं तेच सांगतोय. खोटं आसंल तर माझं पित्त खवळंल!

वनमालापाशी व्हतो तवा माझा लई तोरा. ती माजलगावकडं सासरी ऊस तोडायची. तिनं मिरचीचं आख्खं रान खाल्लं तरी मी तिला ढेकर येऊ दिला न्हाई.

मग बद्रीचं लिव्हर जुन्या काविळीनं सुकलं. पोट पाण्यानं फुगलं, डोळे हळदीवानी झाले. बिचारा दारूच्या थेंबाला शिवला न्हाई, तरी गाव म्हणायचं, "पीत आसंल चोरून!" डॉक्टर म्हणले, घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा भाग द्यावा. बायकोचं, शिवकन्याचं, रगत जुळलं न्हाई. वनमालाचं जुळलं.

"अक्का, तुला काई झालं तर?" बद्री रडकुंडीला आला.

"मुडद्या, ल्हानपणी माझ्या ताटातली भाकर पळवायचास, तवा इचारलं व्हतं का?"

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मला कापून काढलं आन् बर्फाच्या भांड्यात ठिवलं. तसलं एकटंपन वैऱ्याला येऊ नये. ना उब, ना रगत, ना वनमालाची धडधड. मी आसा कुडकुडलो की आख्ख्या दवाखान्यातली भांडी वाजली! मग डॉक्टरांनी केसाहून बारीक दोऱ्यानं माझ्या शिरा बद्रीच्या शिरांना शिवल्या. रगत आलं, माझा रंग फिरला, पित्ताचा पिवळा थेंब सुटला. "लागलं कामाला," डॉक्टर म्हणले.

हितं मी वाढलो. तिकडं वनमालाच्या पोटात राहिलेलं लिव्हर बी वाढलं आन् माझी जागा भरून गेली. म्हंजी माघारी जायला मला घरच ऱ्हायलं न्हाई. हिकडं बद्रीचं रगत मला परका समजून अंगावर यायचं. रोजच्या गोळ्या त्याला दम भरायच्या, "पाव्हणा हाय, हात लावायचा न्हाई!" म्हनून माझं चाललं व्हतं.

मग नवरात्र आलं, घट बसले. वाचलो तर नऊ दिवस कडक उपास धरीन, आसा बद्रीनं दवाखान्यातच देवीला नवस केलता. गोळी पोटात गेली की उपास मोडतो, हे त्याचं त्यानंच ठरिवलं. गोळ्यांची पाकिटं घटापुढं ठिवून दिली, दसऱ्याला घेऊ म्हणला. शिवकन्या वरडून थकली. मी बी आतून वरडलो, पर लिव्हरचं कोण ऐकतंय! रगत धावून आलं. मी सुजलो.

तेवढ्यात वनमाला घटाला माळ घालायला माहेरी आली. तिनं भावाचे पिवळे डोळे बघितले, मग घटापुढची पाकिटं.

"ह्या गोळ्या हितं कावून?"

"उपास हाय, अक्का. देवीनं जीव दिला ना."

"आन् लिव्हर? ते काय यष्टीनं आलं?"

बद्री घटापुढच्या पाकिटांकडं बघाया लागला.

"माझं हाय ते तुझ्यात. तवा नवस बी माझा. आजपासून उपास मी धरते. तू गोळी गीळ."

"देवी कोपली तर?"

"माझ्यावर कोपू दे! माझं परत वाढून आलंय, तुझं न्हाई येणार."

तिनं पाकिटावरचं हळदकुंकू पुसलं, समोर उभं राहून गोळी गिळायला लावली आन् त्याला तसाच गाडीत घालून दवाखाना गाठला. जोराची इंजेक्शनं दिली तवा कुठं रगत माघारी हटलं. "आजून उशीर झाला आसता तर हे लिव्हर गेलंच व्हतं," डॉक्टर म्हणले.

आता दर नवरात्राला उपास वनमालाच धरती. म्हंजी साबुदाणा हाणती आन् वरून शेंगदाण्याचे लाडू! बहीणभाऊ जोडीनं घटापुढं बसतात. मधी हातभर जागा. त्या हातभर जागंच्या पलीकडं माझं जुनं घर हाय. मी हाक मारतो. तिकडून कुणी ओ देत न्हाई.

मित्रांनो, परक्या घरी एकट्यानं आलेल्याला जपा. सणवार आसू द्या, उपासतापास आसू द्या, त्याची गोळी चुकवू नका.

आमचा बद्री आता चुकवत न्हाई. सांजच्याला गोळी तोंडात टाकतो, वर पाणी पितो, पोटावर हात ठिवतो आन् हळूच म्हणतो, "अक्का, घेतली बरं का."

त्याला वाटतं, आत अक्काच हाय. मग मी बी तिच्यावानी ओ देतो.