बारीक शिट्टी

अणदूरच्या पल्याडच्या वस्तीला पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायचं चाललं होतं. चर खोदायचं काम युवराजकडं होतं. त्याचा जेसीबी सतरा वर्षांचा. सकाळी गार असताना मशीन बरं चाले. पण तासा-दोन तासांनी तेल तापलं, की मागचा हात जडशीळ होई, मुरमात रुतलेली बकेट वर येईना. पुढचा लोडरही तसाच ढिला पडे. चौथ्या दिवशी वस्तीच्या एकुलत्या एक रस्त्यात चर अर्धा उघडा असतानाच मशीननं हात टेकले. म्हाताऱ्या माणसांना आता फळीवरून तोल सांभाळत ये-जा करावी लागत होती.

युवराजनं नळदुर्गहून बिराप्पा मिस्त्रींना आणलं. हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. साठी उलटलेला हा माणूस डोळे मिटून नुसता इंजिनाचा आवाज ऐके आणि दुखणं कुठं आहे ते सांगे, अशी त्यांची ख्याती होती. युवराज नवखा ड्रायव्हर होता तेव्हापासून त्यांना मामा म्हणायचा.

बिराप्पांनी आधी तेलाची पातळी पाहिली. ती ठीक होती. फिल्टर बदलला. प्रेशरचा व्हॉल्व्ह काढून डिझेलनं धुतला, स्प्रिंग तपासली, परत बसवला. काही फरक पडला नाही. मग दाब मोजायचं गेज लावलं. काटा अर्ध्यावर थरथरत राहिला, वर चढेना. शेवटी त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तेलाला दाब देणाऱ्या पंपावर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

पंप गेला, असं त्यांनी सांगितलं. तो उतरवून सोलापूरला पाठवायचा म्हणजे आठ दिवस गेलेच.

युवराज केबिनमध्ये बसला होता. तेल तापल्यापासून त्याला एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. त्यानं ती ओरडून सांगितली. मान हलवून बिराप्पा म्हणाले, "व्हय, ऊन लई हाय आज."

युवराजला वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पाठीमागून विचारलं, "मामा, पाना देऊ का?" बिराप्पा वळले नाहीत. त्यानं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. तरी नाही. खांद्याला हात लावला तेव्हा मात्र ते केवढ्यानं तरी दचकले.

दोघं बाभळीखाली भाकरी खायला बसले. आधी त्याला राग आला. या माणसाच्या शब्दावर आपण आठ दिवस रस्ता उघडा ठेवणार होतो. मग एकेक गोष्ट आठवत गेली. मामा हल्ली फोन उचलत नाहीत. समोरचा बोलला की त्याच्या ओठांकडं बघतात. शेडमध्ये कुणी मागून आलं की ओशाळं हसतात. राग कधी निवला ते त्याला कळलं नाही. तो सरकून त्यांच्या अगदी समोर बसला आणि सावकाश म्हणाला, "मामा, तुमाला ऐकू येईना का?"

बिराप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

"डावा कान दोन सालापासनं बंद हाय," ते म्हणाले. "आता उजवाबी साथ देईना. पण आवाज ऐकायलाच तर लोक बोलावत्यात मला. न्हाय म्हणून कसं सांगावं?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खडीची वाहतूक करणाऱ्या आण्णासाहेबांचा टिपर दोन महिन्यांपूर्वी शेडला आला होता. इंजिनात काही वाजतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. बिराप्पांना काहीच ऐकू आलं नाही. गाडी चांगली आहे, असं सांगून त्यांनी ती लावून दिली. तिसऱ्या दिवशी भर रहदारीत इंजिन जागीच जाम झालं. कुणाला इजा झाली नाही. आण्णासाहेबांनी नशिबाला बोल लावला, आणि बिराप्पा गप्प राहिले.

युवराजनं त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला. "आवाज म्या सांगतो," तो म्हणाला. "त्यातलं दुखणं तुमी वळखा."

बिराप्पांनी त्याच्याकडं नीट पाहिलं, आणि मग एकामागून एक प्रश्न विचारले. घरघर आहे की शिट्टी? रेस वाढवली की वाढते का? गार असताना येते का? त्याच्या ओठांवरून उत्तरं टिपता टिपता ते उठले आणि टाकीचं झाकण उघडून आत डोकावले. घुसळलेल्या ताकासारखा तेलावर फेस आला होता.

"पंप न्हाय गेला," ते म्हणाले. "वारं पितोय त्यो."

टाकीतून पंपाकडं तेल नेणारा जाड रबरी होज कुठंतरी हवा ओढत होता. युवराजनं बकेट जमिनीवर टेकवून इंजिन चालू ठेवलं. बिराप्पा आडवे होऊन होजच्या एकेका जोडावर ग्रीस थापू लागले. ग्रीसनं फट बुजून शिट्टी थांबली की हात वर करायचा, एवढंच युवराजचं काम. दोन जागा झाल्या. तिसऱ्या ठिकाणी ग्रीस लागताच शिट्टी विझली, आणि युवराजनं हात वर केला. इंजिन बंद करून क्लॅम्प सोडवला, तर त्याच्याखाली रबराला केसाएवढी चीर होती. वयानं ताठरलेलं रबर, दुसरं काही नाही.

युवराज मोटारसायकलवर जाऊन नवा होज घेऊन आला. तो बसवला, तेल पुरं केलं, मशीनचा हात सावकाश वरखाली करून आतली हवा काढली. गेजचा काटा वर चढला आणि स्थिर राहिला. दिवस मावळायच्या आत रस्त्यातला चर पुरा खोदून झाला, पाइप पडला, वरून माती दाबली गेली. फळी काढली तेव्हा पहिली आली ती डोक्यावर गवताचा भारा घेतलेली वस्तीवरची म्हातारी कस्तुराबाई. ती थांबली नाही, नुसती सरळ चालत पलीकडं गेली.

बिराप्पा हात पुसून युवराजजवळ आले. आण्णासाहेबांना फोन लावून दे, म्हणाले. बोलायचं ते स्वतःच बोलणार होते, फक्त उत्तर तेवढं युवराजनं ऐकून सांगावं.

फोन लागला. बिराप्पांनी काही न लपवता, कानाचं आणि टिपरचं सगळं सांगितलं. गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होते ते. मग फोन युवराजच्या कानाला लावून त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

पलीकडून आण्णासाहेब चिडले. तेव्हाच का बोलला नाहीत, दोन महिने गप्प कसे बसलात, असं बरंच काही बोलले. युवराजनं ते ऐकून घेतलं आणि त्यातलं काही न गाळता मामांना सांगितलं. बिराप्पा दर वाक्याला मान हलवत होते.

"आनि शेवटी इचारलं," युवराज म्हणाला, "कान डाक्टरला दावला का म्हणून."

बिराप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"सोमवारी सोलापूरला जाऊ," युवराज म्हणाला, आणि त्यांना नीट कळावं म्हणून ते पुन्हा एकदा, सावकाश म्हणाला.