भिंतीवरचे बगळे

पोहण्याच्या तलावाच्या लांबलचक भिंतीवर सासऱ्यांनी पाणथळ रंगवली होती, काठावर नऊ बगळे. पुढचं काम सुनेचं. मोबाईलचा कॅमेरा भिंतीवर धरला की पडद्यावर बगळे उडायचे आणि समोर हात केला की हातावर येऊन बसायचे. पण त्यासाठी मोबाईलला ते चित्र ओळखता यायला हवं. सुनेने भिंतीचे ढीगभर फोटो दाखवून त्याला ते शिकवलं होतं.

सासऱ्यांचे हात मात्र सारखे शिवशिवायचे. आज एक पंख उजळ, उद्या पाण्याकाठी बोरूची दोन रोपं जास्त. चित्र बदललं की मोबाईल गोंधळायचा आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. पंधरवड्यात तीनदा झालं. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने त्यांचे सगळे ब्रश स्वतःच्या गाडीत कुलूपबंद केले.

रविवारी सकाळी चाळीसेक माणसं जमली. मोबाईल वर झाले. एक बगळा तिकीट खिडकीवर उलटा लटकला, बाकीचे दिसलेच नाहीत. लोक हसले. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, आज कुठे हात लावलात?" ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"कशाने लावणार? ब्रश तुझ्याकडेत."

"मग काय बोटांनी रंगवलंत?"

पोहायला शिकवणाऱ्या बाई पुढे झाल्या. "अहो, सावली बघा की."

समोरच्या कठड्याची सावली भिंतीवर पडली होती. अख्खं चित्र गजांआड गेलं होतं. सुनेने सगळे फोटो काढले होते ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी. सकाळची भिंत मोबाईलने कधी पाहिलीच नव्हती. चूक शंभर टक्के तिची.

नवे फोटो काढून बगळे उडेपर्यंत दीड तास गेला. तोवर सातच माणसं उरली. तिने सासऱ्यांना हात पुढे करायला लावलं आणि त्यांच्यासमोर मोबाईल धरला. पडद्यावर बगळा त्यांच्या तळव्यावर उतरला.

"मी उगाच बोलले, बाबा."

"बोललीस ते बोललीस." ते पडद्यात डोळे बारीक करून बघत होते. "याची मान आखूड झालीये. गाडीची चावी दे."

तिने दात आवळले. चावी काही दिली नाही. सावली आता सरकली होती. ती दुपारचे फोटो काढायला भिंतीकडे वळली.