आनंदीच्या नावाआधी

ज्या वर्षी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी कोरगावच्या आनंदीचा दर्जा काय, यावरून तिच्या घरात रण माजलं. लेकीचं, अमृताचं, लग्न ठरलं होतं. पत्रिकेत आईच्या नावाआधी काय छापायचं? नवरा दिनकर कुवेतला गेला तो गेलाच. त्याची पत्रं बंद होऊनही जमाना लोटला. दीर भिकाजी म्हणे, आता गं. भा. लिहा. सासू म्हणे, माझा झील जिता आसा, सौ.च लिहा. आनंदीला मात्र कोणी विचारलंच नाही. काजूच्या बागेत राबून घर तिने तारलं, लग्नही तीच लावत होती, आणि नावाआधी काय लावायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं!

शेवटी भिकाजीने तोडगा काढला. ग्रामदेव रवळनाथाचा कौल घ्यायचा. उजवी पाकळी पडली तर दिनकर जिवंत, म्हणजे सौ.; डावी पडली तर गं. भा.

सोमवारी देवळात गुरवाने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवल्या. मानकरी विठ्ठल गावकर सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, मागे भावकी जमली. सासू खांबाला टेकून त्या पाकळ्यांकडे डोळे लावून बसली होती. ते पाहून आनंदीच्या डोक्यात तिडीक गेली. लेक मेला की जगला, हे त्या म्हातारीने पाकळीकडून ऐकायचं, तेही पत्रिकेतल्या दोन अक्षरांसाठी!

"थांबा गावकारांनू," ती पुढे झाली. "ह्यो कौल माका नको."

भिकाजी भडकला. "वयनी, देवासमोर खंयचा शानपण करतस?"

"देवाक मी कायएक विचारूक नाय. तुमीच विचारतास. उजवी पडांदे नायतर डावी, पत्रिकेत 'श्रीमती आनंदी' छापतले."

"श्रीमती म्हटल्यार लोक विधवाच समजतले!"

"समजांदेत. माझ्या नावात घोवाचो पत्तो कोणी सोधूचो नाय. आनी गावकारांनू, गाऱ्हाणा घालूचा तर चेडवाच्या लग्नाचा घाला. माझ्या नावान."

गावकरांनी भिकाजीकडे पाहिलं, मग आनंदीकडे. ही बाई हटायची नाही, हे त्यांनी ओळखलं. गुरवाला खूण करून त्यांनी पाकळ्या काढायला लावल्या आणि घसा खाकरला.

"बा देवा रवळनाथा, ही श्रीमती आनंदी आपल्या चेडवाचा लगीन करता. काय इघ्न येयत तर ता दूर कर रे म्हाराजा!"

अशा वेळी जमलेल्यांनी एका तोंडाने होकार द्यायचा असतो. भावकीचं तोंड उघडेना. भिकाजी जमिनीकडे बघत राहिला. आनंदीने मान ताठच ठेवली. होकार मिळाला नाही तर लग्नाला आपलं माणूस एकही येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सासू खांब धरून उठली. लेक जिवंत आहे म्हणून साऱ्या गावाशी भांडलेली ती म्हातारी सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि भावकीवर डोळे वटारून ओरडली, "तोंडां शिवली काय रे तुमची? व्हय म्हाराजा!"