काम चालू आहे, स्विच दाबू नये

अहल्याचं अंग वर्षानुवर्षं ठणकत होतं आणि रिपोर्ट दरवेळी नॉर्मल येत होते. त्यामुळे यशवंतपूरच्या त्या घरात ती कामचुकार ठरली होती. सासूबाई, सोयराबाई, तर तोंडावरच म्हणायच्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

शेवटी मारतहळ्ळीच्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. सोबत सासरे मल्हारराव होते. बाई म्हणाल्या, "आपल्या पेशींत बारीक बारीक वीजघरं असतात. या आजारात ती वीज कमी काढतात आणि धूर जास्त सोडतात, असं काही संशोधकांना वाटतं."

मल्हाररावांनी उभा जन्म वीजखात्यात लाइनमन म्हणून काढलेला. सुनेचं दुखणं त्यांना कधी कळलं नव्हतं, वीजघर मात्र लगेच कळलं.

"आधीच सांगायचं की गं! हा फॉल्ट आहे!"

घरी येताच त्यांनी माळ्यावरून जुनी पत्र्याची पाटी काढली, 'काम चालू आहे. स्विच दाबू नये.' आणि ती अहल्याच्या गळ्यात घातली. खांबावरचा नियम घरात आला: ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. रोज रात्री ते स्वतः ती खुंटीला अडकवत. सुनेला कॉफीसुद्धा रबरी हातमोजे घालून देत.

आणि काय सांगावं, लोकांनी मानलं! शेजारीपाजारी चवड्यांवर चालू लागले. गॅसवाला कानडीत "सरी अक्का, सरी", म्हणजे बरं ताई, बरं, म्हणत सिलिंडर थेट स्वयंपाकघरात ठेवून गेला. इतकी वर्षं रडून जे झालं नाही ते एका पत्र्यानं केलं, याचा अहल्याला भयंकर राग आला. पण तो राग गिळून ती भरदुपारी निवांत झोपली.

सोयराबाई तेवढ्या धुमसत होत्या. "आम्ही कळशा वाहिल्या, बाळंतपणं काढली. आमच्या गळ्यात कुणी घातली होती पाटी?"

गौरी जेवायच्या त्या सकाळी अहल्या उठली, तर खुंटी रिकामी. पाटी गेली म्हणजे पुरण वाटणं आलं, टोमणे आले, सगळं पहिल्यासारखं.

स्वयंपाकघरात गॅस बंद होता. सोयराबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. पाटी त्यांच्या गळ्यात होती. दारात मल्हारराव कॉफी आणि हातमोजे घेऊन गोंधळून उभे होते, कारण ही पाटी त्यांनी लावलेली नव्हती.

"माझ्याकडं रिपोर्ट नाहीयेत," सोयराबाई नजर चुकवत म्हणाल्या.

"नकोत," अहल्या म्हणाली.

तिनं सासऱ्यांच्या हातून हातमोजे घेतले, नीट चढवले आणि सासूला कॉफी दिली. पुरण वाटायला मल्हारराव बसले.