खुरट्यांचा वाफा

वजनकाट्याच्या खोलीतून बाहेर आले आणि पाहिलं, तर डावा वाफा मोकळा. नवरा नळाखाली हात धूत उभा होता, चेहऱ्यावर स्वतःच्याच कामाचं कौतुक. वनखात्याचे साहेब येणार म्हणून आवरून ठेवलं म्हणाला, खुरटी तेवढी काढली.

त्याचा जन्म रोपवाटिकेत गेला. कुणी तपासायला येणार असलं की आधी बुटकी रोपं उपटायची, ही सवय त्याच्या हातातच आहे. माझ्या प्रयोगाच्या वाफ्यात तो आज पहिल्यांदाच मदतीला आला होता, आणि काय मदत केली!

दोन्ही वाफ्यांत झाडाची जात एकच, आपल्याच रानातली. उजवीकडचं बी ओल्या दरीतलं, डावीकडचं कोरड्या टेकडीवरचं. माती तीच, पाणी तेवढंच. दरीची पोरं माझ्या खांद्याला लागली, टेकडीची गुडघ्याशीच राहिली. जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथलं झाड आधी खाली पाय रोवतं, मग वर बघतं. साहेब आज यातूनच त्या टेकडीसाठी रोपं निवडणार होते. तिथलं या जातीचं शेवटचं झाड रस्त्यासाठी तोडलं गेलं होतं. पुन्हा बी आणायचं कुठून?

“कुठे टाकलीस?” मी विचारलं. माझा आवाज ऐकून त्याने नळही बंद केला नाही, तसाच धावला.

शेडमागच्या ढिगावर ऊन रणरणत होतं. आम्ही गुडघे टेकून ढीग उपसू लागलो. त्याने उजवीकडचीही दोन-चार वाकडी रोपं उपटली होती. ती पार माना टाकून पडली होती. टेकडीच्या रोपांची पानं मात्र अजून ताठ होती. पण मुळं? उपटताना बरीच तुटलेली. हातात तुटकं मूळ आलं की ते रोप मी बाजूला ठेवायचे. ज्यांची शाबूत होती त्यांची मुळं रोपापेक्षा लांब निघाली. ती रोपं लावायच्या पिशवीत मावेनात, तर यानं कात्री उचलली.

“कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे.”

त्याने कात्री ठेवली. मग सांडपाण्याचे जुने पाइप ओढून आणले आणि करवतीने त्यांचे मुळांएवढे लांब तुकडे पाडू लागला. मी त्यांत माती भरत होते. पहिली काही रोपं उभी राहतात तोच फाटकाशी गाडी वाजली.

साहेबांनी उंच रोपांवरून प्रेमाने हात फिरवला आणि हीच टेकडीवर पाठवा म्हणाले. पुरावा म्हणून दाखवायचा तो वाफा ढिगावर पडलेला.

तेवढ्यात नवरा पुढे आला. एका हातात लोळागोळा झालेलं उंच रोप, दुसऱ्यात बुटकं.

“दोन्ही मीच उपटली, साहेब, सकाळी, एकदमच,” तो म्हणाला. “चूक माझी. उन्हात एकत्रच पडली होती.”

साहेबांनी बुटक्याचं ताठ पान दोन बोटांत धरलं, मग लोंबणारं मूळ खालपर्यंत पाहिलं. याचं बी अजून आहे का, त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले.

“मग ही मूळ धरेपर्यंत टेकडीवरची लागवड थांबेल,” ते म्हणाले.

गाडी गेली. मला त्याचा भयंकर राग आलेला होता आणि तितकाच तो आवडतही होता. तो ढिगापाशी बसून तुटक्या मुळांची रोपंही पाइपात लावत होता.

“ती नाही जगायची,” मी म्हणाले.

“माहितीये,” तो म्हणाला, आणि पुढचं रोप उचललं.