बोटीचं तेल

"राख राख म्हणत होता, ती एवढीच?" साहेबांनी वाकून बघितलं. "चिमूटभरसुद्धा नाही."

हँगरच्या मागे, वाळूच्या बादलीशेजारी मिस्त्रींनी स्टीलच्या दोन वाट्या मांडल्या होत्या. दोन्हीत एकेक चमचा तेल घालून खालून जाळ दिला होता. आता जाळ विझला होता. पहिल्या वाटीच्या बुडाला करडा, खरखरीत थर चिकटला होता. दुसरीत नुसता पिवळसर डाग होता. मिस्त्रींनी वाटी निवल्यावर तो बोटाने पुसून दाखवला.

"एका चमच्याची एवढी," मिस्त्री म्हणाले. "वर्षभराच्या टाक्यांची किती, ते तुम्हीच बघा."

मिस्त्री म्हणजे माझा नवरा आणि मी तिथलीच स्टोअरबाई. लग्नानंतर वर्षभरात मी त्याच आवारात नोकरीला लागले, तेव्हाच आमचं ठरलं होतं की फाटकाच्या आत ते मला 'बाई' म्हणणार आणि मी त्यांना 'मिस्त्री'. चिठ्ठी आणल्याशिवाय मी त्यांना कधी साधा वॉशर दिला नाही. लोक हसायचे, हसोत बापडे.

आमच्या कंपनीची दोन छोटी विमानं होती. डोंगर, जंगलं, नद्यांचे काठ यांचे वरून फोटो काढायचं काम. दोन्हींचं इंजिन रोटरी. त्यात वरखाली होणारा दट्ट्या नसतो, एक तिकोनी लोखंडी तुकडा गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना खाचांत बसवलेल्या बारीक पट्ट्या असतात आणि त्या सतत भिंतीला घासत राहतात. त्यांना तेल मिळतं ते पेट्रोलातूनच. म्हणून टाकी भरण्याआधी पेट्रोलात टू-स्ट्रोक तेल मोजून मिसळायचं, शंभराला एक. राख खाचेत साठली की पट्टी अडकते आणि तेल मिसळलं नाही तर पट्टी कोरडी घासून जळते. दोन्हीकडून मरण इंजिनाचंच, आणि इंजिनाला जोडून वर बसलेल्या माणसाचं. तेल कोणतं आणि किती हे मिस्त्री ठरवायचे. बावीस वर्षांत त्यांचं एकही इंजिन हवेत बंद पडलं नव्हतं. हे सांगताना माझी मान ताठ होते, होऊ दे.

त्या वर्षी आमचं नेहमीचं तेल बाजारातून उठलं. बनवणाऱ्यांनीच ते बंद केलं. नवे साहेब येऊन चार महिने झाले होते. त्यांनी कुणाला न विचारता शर्यतीच्या मोटारसायकलींचं तेल मागवलं, पहिल्या वाटीतलं ते हेच. लाल चकचकीत डबे, गोडसर वास, किंमत विचारूच नये अशी. मिस्त्रींनी निवडलं होतं ते मोटारबोटीचं तेल. साधा पांढरा डबा आणि त्यावर बोटीचं चित्र.

"उद्या पाहुणे आले आणि त्यांनी विमानाशेजारी हा मासेमारीचा डबा बघितला, तर काय सांगायचं?" साहेब म्हणाले.

"बोटीचं तेल आहे म्हणून सांगायचं," मिस्त्री म्हणाले. "बोटीचं इंजिनही तासन्‌तास एका गतीने चालतं, पाण्यानेच थंड होतं. आपलंही तसंच."

साहेबांनी हात झटकले. "हे बघा मिस्त्री. शनिवारी कॅप्टन डोंगरांवर जाणार. शुक्रवारी सकाळी मला लाल तेलावर तुमची सही पाहिजे. नसेल जमत तर बाहेरचं वर्कशॉप तयार बसलंय. मग इंजिनंही तेच बघतील."

मी मनात म्हटलं, इंजिनं काढून घेतली तर या माणसाने करायचं काय? मिस्त्री मात्र वाट्या गोळा करत म्हणाले, "डोंगरांवर थंडी असते साहेब. दोन्ही तेलं थंडीत बघतो. जे खरं निघेल त्यावर सही करतो."

लाल तेलात एरंडेल असणार असा त्यांचा अंदाज होता. एरंडेल तापलेल्या इंजिनाला झकास, पण गारठ्यात त्याचं पेट्रोलाशी पटत नाही, खाली बसतं. डब्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. वासावरून ओळखावं, तर पेट्रोल हुंगून हुंगून यांचं नाक कधीच कामातून गेलेलं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मागच्या गॅलरीत प्रयोग सुरू झाला. पेट्रोल घरातल्या फ्रिजमध्ये जाणार नाही, एवढं माझं त्यांनी ऐकलं. म्हणून एका जाड पेटीत बर्फ आणि मीठ भरलं. काचेच्या दोन बरण्यांत पेट्रोल घेतलं आणि फरक डोळ्यांना दिसावा म्हणून तेल मुद्दाम जास्त मिसळलं. दोन्ही तेलांचा रंग तांबूसच, त्यामुळे हलवल्यावर दोन्ही बरण्या सारख्याच फिकट गुलाबी दिसायला लागल्या. एका झाकणावर त्यांनी १ लिहिलं, म्हणजे लाल तेल. दुसऱ्यावर २, म्हणजे बोटीचं. झाकणावर आकडा लिहायची पद्धत माझीच. स्टोअरमध्ये डबे खालच्या फळीवर असतात, वरून बघितलं की झाकणच दिसतं.

हे आणखी बर्फ आणायला गेले तेव्हा पेटीत पाणी झालं होतं. बरण्या जवळजवळ गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. आत पाणी शिरलं तर सगळंच मुसळ केरात. मी दोन्ही बरण्या वर काढल्या, झाकणं काढून पुसली, आत प्लास्टिकचा तुकडा घातला आणि घट्ट लावली. हे आल्यावर सांगितलंही. "बरं केलंस," म्हणाले.

सकाळी चहाच्या आधी ते गॅलरीत गेले. बराच वेळ झाला तरी आत येईनात, म्हणून मी बघायला गेले. दोन्ही बरण्या कठड्यावर होत्या. एकीत फिकट गुलाबी पेट्रोल, स्वच्छ. दुसरीत वर पेट्रोल आणि तळाशी दाट तेलाचा पट्टा. पट्टा असलेल्या बरणीच्या झाकणावर आकडा होता २.

"बोटीचं खाली बसलं," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणत होता..."

"म्हणत होतो. चुकलो." त्यांनी बरणी पुन्हा उजेडात धरली. "राख शंभर तासांनी त्रास देईल. हे पहिल्या तासातच देईल. तेल खाली आणि पेट्रोल वर राहिलं, तर कॅप्टनचं काय होईल? लाल तेलावर सही करतो."

"साहेब हसतील."

"हसू दे की. मी काय माझ्या म्हणण्यासाठी कॅप्टनला वर पाठवू?"

मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला की मी चहा गरम करायच्या निमित्ताने आत निघून गेले.

दहाच्या सुमाराला मी स्टोअरमध्ये ग्रीस दोन डब्यांत वाटून घेत होते. हात आपोआप चालत होता. एक झाकण काढायचं, डबा भरायचा, तेच झाकण लावायचं, मग दुसऱ्याला हात. ही शिस्त मीच घालून दिलेली. एका वेळी दोन झाकणं उघडायची नाहीत, उघडली तर कोणतं कुणाचं ते देवालाच ठाऊक. आणि माझा हात थांबला. काल गॅलरीत मी दोन्ही झाकणं एकदम काढली होती. शेजारी शेजारी ठेवून पुसली होती. आकडे बघून लावली होती का? आठवेना. कितीही ताणलं तरी आठवेना.

ग्रीसचे हात तसेच घेऊन मी आवार ओलांडून धावत गेले. या वयात मी धावतेय हे बघून पहारेकरीच उठून उभा राहिला. हँगरमध्ये मिस्त्री टेबलावर वाकले होते, पेन हातात होतं. एका बाजूला साहेब उभे होते, दुसऱ्या बाजूला कॅप्टन. कॅप्टन म्हणजे आमची वैमानिक पोरगी, तिशीची, बोलायला कमी आणि बघायला तिखट.

"सही करू नका," मी म्हणाले. "झाकणं माझ्याकडून बदलली असतील."

"असतील म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही एकदम काढली होती. कोणतं कुठे लावलं, सांगता येत नाही."

साहेब हसले. "बाई, नवऱ्याची नोकरी वाचवायची युक्ती बरी आहे. पण घरचं घरी ठेवा."

इतकी वर्षं मी एकही खोटी चिठ्ठी फाडली नव्हती आणि हा माणूस मला खोटारडी म्हणत होता. मिस्त्रींनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, बाई चुकल्या असतील," ते म्हणाले. "खोटं बोलणार नाहीत. स्टोअरमध्ये त्यांनी मलाही कधी सोडलं नाही."

"साहेब, पुन्हा करू," कॅप्टन म्हणाली. "उद्या वर मी जाणार आहे. बर्फ मी आणते. बरण्या तुम्ही भरा, पेटी तुमच्या ताब्यात ठेवा."

साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी स्वतः तेलं ओतली, स्वतः कागदाच्या पट्ट्या लिहून बरण्यांच्या पोटावर चिकटवल्या, 'लाल' आणि 'बोट'. पेटी त्यांच्या कचेरीबाहेरच्या पडवीत ठेवली आणि कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. मी स्टोअरमध्ये जाऊन बसले. त्या दिवशी मी तीन जणांना चुकीचे स्क्रू दिले आणि तिघांनीही ते गुपचूप परत आणून दिले.

पाच वाजता कुलूप निघालं. साहेबांनी एक बरणी वर काढली. फिकट गुलाबी, आरपार दिसत होतं. पट्टीवर त्यांच्याच अक्षरात 'बोट'. दुसरी काढली, 'लाल'. तळाशी बोटभर दाट तेल. त्यांनी ती हलवली, थांबले, परत उजेडात धरली. दाट तेल पुन्हा हळूहळू खाली उतरायला लागलं.

"एरंडेल," मिस्त्री हळूच म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली. "सकाळी बोललो ते चुकलं, बाई," म्हणाले. मग मिस्त्रींना म्हणाले, "भरा तुमचं तेल. फक्त रजिस्टरात 'मान्य तेल' एवढंच लिहा. बोटीचं वगैरे नको."

"जे भरलं ते लिहितो साहेब."

शनिवारी सकाळी रजिस्टर पंखाखालच्या टेबलावर उघडं होतं. उडायच्या आधी कॅप्टन ते वाचून सही करते. मी बोटीच्या तेलाचा डबा घेऊन गेले होते, चिठ्ठी घेऊन. सहज पानाकडे लक्ष गेलं. मिस्त्रींनी ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'मोटारबोटीचं टू-स्ट्रोक तेल, शंभराला एक.' आणि त्याखाली: 'थंडीची पहिली परीक्षा रद्द. बरण्यांवर खूण नीट केली नव्हती. चूक माझी.' खाली त्यांची सही.

मी पेन उचललं.

"बाई, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," ते म्हणाले.

"खाडाखोड कोण करतंय, मिस्त्री? खाली जागा आहे."

मी लिहिलं: 'झाकणं मी बदलली. चूक स्टोअरची.' आणि पूर्ण सही केली. त्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. लग्नानंतर मी त्या तशा दोनदाच बघितल्या होत्या.

कॅप्टन आली. तिने दोन्ही ओळी वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या. मला वाटलं, विचारेल.

"आज मिसळलं कुणी?" तिने विचारलं.

"मी," मिस्त्री म्हणाले.

"झालं तर." तिने आमच्या सह्यांच्या खाली सही केली आणि विमानात चढली.

विमान धावलं, वर उठलं, डोंगरांकडे वळलं. साहेब कचेरीच्या दारात उभे होते. मिस्त्री आवाज संपेपर्यंत मान वर करून ऐकत राहिले. मग "बरोबर आहे," म्हणाले आणि नरसाळं धुवायला गेले. मी रजिस्टर उचललं. शाई अजून ओली होती, म्हणून ते न मिटता, दोन्ही हातांवर उघडंच धरून मी स्टोअरपर्यंत नेलं.